डॉक्टरच्या बिलाची भीती आणि युद्धोत्तर ब्रिटनचे जनमत

१९४८ च्या पहिल्या सहामाहीत ब्रिटन सरकारने घरोघरी एक छोटी पत्रिका पाठवली. ५ जुलैपासून देशात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होणार आहे, श्रीमंत असो वा गरीब, स्त्री असो, पुरुष असो वा मूल, कोणालाही तिचा लाभ घेता येईल, काही मोजक्या गोष्टी सोडल्या तर त्यासाठी पैसे पडणार नाहीत आणि विम्याचे हप्ते भरल्याचा दाखलाही लागणार नाही, असे तिच्यात सांगितले होते. पुढे एक खुलासा होता. ही सेवा म्हणजे धर्मादाय मदत नव्हे, तुम्ही सर्वजण करदाते म्हणून तिची किंमत देणारच आहात, आणि आजारपणात पैशाची जी काळजी लागते ती तिच्यामुळे दूर होईल.

सरकारला हा खुलासा का करावा लागला, हे कळले तर युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये या सेवेविषयी लोकांना नेमके काय वाटत होते हेही बरेचसे कळते. युद्धात होरपळलेल्या जनतेने एकमुखाने ही सेवा मागितली, सरकारने ती दिली आणि पहिल्या दिवसापासून लोक तिच्या प्रेमात पडले, अशी कथा आज सर्रास सांगितली जाते. तिच्यात तथ्य आहे, पण मधला बराच भाग गळलेला आहे. लोकांचे मत अनेक थरांचे होते, वर्षावर्षाला बदलणारे होते, आणि सेवेविषयीची खरी आपुलकी ती प्रत्यक्ष वापरल्यानंतर आली, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी युद्धापूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे.

१९११ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कामगारांसाठी सक्तीचा आरोग्य विमा आला होता. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कामगाराला आजारपणात थोडी रोख रक्कम मिळे आणि यादीवरच्या डॉक्टरकडे मोफत जाता येई. पण हा विमा कमावत्या माणसाचा होता. घरात राबणारी त्याची बायको आणि मुले त्यात बसत नसत, आणि रुग्णालयातला उपचारही त्यात येत नसे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा निम्म्याहून कमी लोकसंख्येला या विम्याचे संरक्षण होते. बाकीच्यांना डॉक्टरची फी स्वतःच्या खिशातून द्यावी लागे. कष्टकरी घरात या फीचा हिशेब कसा होई, हे सांगायला नको. नवऱ्याचे दुखणे अंगावर काढून चालत नसे, कारण मजुरी बुडे. मुलासाठी उसनवारी करून डॉक्टरला बोलावले जाई. आईची पाळी शेवटी येई, आणि बहुतेक वेळा येतच नसे. १९३० च्या दशकात १,२५० कष्टकरी विवाहित स्त्रियांच्या प्रकृतीची एक पाहणी झाली होती. रक्तक्षय, किडलेले दात, पाठदुखी, बाळंतपणात झालेल्या आणि कधीच न तपासलेल्या इजा घेऊन वर्षानुवर्षे काम करणाऱ्या बायकांचे जे चित्र त्या पाहणीतून समोर आले, ते वाचताना आजही जीव कळवळतो.

रुग्णालये दोन प्रकारची होती. एक देणगीवर चालणारी, म्हणजे स्वयंसेवी. त्यांतली काही शतकानुशतके जुनी आणि नामांकित होती, तर काही गावातल्या लोकांनी उभारलेली, जेमतेम वीस-पंचवीस खाटांची होती. दुसरी नगरपालिका आणि काउंटी यांची. यांतली बरीचशी जुन्या काळातल्या निराधारांच्या श्रमगृहांतून, म्हणजे वर्कहाउसमधून निघालेली होती. इमारत तीच राहिल्यामुळे तिच्यावरचा डाग पुसला गेला नव्हता, आणि म्हातारी माणसे तिथे जाण्यापेक्षा घरी मरण पत्करीत. स्वयंसेवी रुग्णालयांत रुग्णाची ऐपत विचारण्यासाठी खास कर्मचारी असे. पगार किती, घरात कमावते किती, भाडे किती, अशी चौकशी करून ती व्यक्ती रुग्णाने किती पैसे भरायचे ते ठरवी. ही चौकशी टाळण्यासाठी लाखो कामगार दर आठवड्याला पगारातून काही पेन्स रुग्णालयाच्या वर्गणी योजनेत भरत. युद्धाच्या सुमारास अशा योजनांच्या सभासदांची संख्या एक कोटीच्या घरात गेली होती.

या वर्गणीचा जनमतावर दुहेरी परिणाम झाला. ऐपतीच्या चौकशीविषयी लोकांच्या मनात खोल चीड होती. पण त्याच लोकांना आपल्या गावच्या रुग्णालयाविषयी जिव्हाळाही होता, कारण ते त्यांच्या वर्गणीतून, जत्रांतून, मिरवणुकांतून आणि चर्चच्या दानपेटीतून उभे राहिले होते. अलीकडे काही इतिहासकारांनी युद्धकाळातील पाहण्या पुन्हा तपासल्या, तेव्हा पुष्कळ लोक आपल्या स्थानिक रुग्णालयावर समाधानी होते आणि ते सरकारने ताब्यात घ्यावे अशी काही सार्वत्रिक ओढ नव्हती, असे त्यांना आढळले. लोकांना बदल हवा होता तो पैशाच्या बाबतीत. रुग्णालयाचा मालक कोण, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात फारसा नव्हताच.

युद्धाने पहिला मोठा बदल केला तो गरजेपोटी. विमानहल्ल्यांत प्रचंड प्रमाणावर माणसे जखमी होतील असा सरकारचा अंदाज होता. त्यासाठी तातडीची वैद्यकीय सेवा उभारून देशातली स्वयंसेवी आणि सरकारी रुग्णालये प्रथमच एका आराखड्याखाली आणली गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये खाटा मोकळ्या करण्यासाठी दोन दिवसांत सुमारे १,४०,००० रुग्णांना घरी पाठवण्यात आले, आणि त्यांत क्षयाचे रुग्णही होते. अपेक्षित जखमी आले नाहीत, खाटा रिकाम्या राहिल्या आणि आजारी माणसे घरी पडून राहिली. या कारभारावर रास्त टीका झाली. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली: सरकारने ठरवले तर देशभरातल्या रुग्णालयांची मोजदाद होऊ शकते, त्यांना पैसा पुरवता येतो, तज्ज्ञ एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवता येतात. सुरुवातीला ही मोफत सेवा विमानहल्ल्यांतील जखमींपुरती होती. पुढे तिच्यात कारखान्यांतले कामगार, घरापासून दूर पाठवलेली मुले, आगीशी झुंजणारे कर्मचारी असे एकेक गट येत गेले. अमक्याला मोफत उपचार आणि तमक्याला नाही, हा भेद करणे दिवसेंदिवस अवघड होत गेले.

मुलांच्या स्थलांतराचाही जनमतावर परिणाम झाला. बॉम्बच्या भीतीने शहरांतून सुमारे १५ लाख लोक, मुख्यतः मुले आणि माता, गावोगावी पाठवले गेले. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांनी लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोच्या वस्त्यांतल्या मुलांच्या डोक्यातल्या उवा, अंगावरची खरूज आणि किडलेले दात तेव्हा प्रथमच जवळून पाहिले. काहींनी आईबापांना दोष दिला आणि काहींना आपल्याच देशाची लाज वाटली. या दोन्ही प्रतिक्रिया त्या काळच्या पत्रव्यवहारांत आणि दैनंदिन्यांत सापडतात, आणि यापुढे ही स्थिती कोणालाही नाकारता येण्यासारखी राहिली नव्हती.

१ डिसेंबर १९४२ रोजी अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल आला. उत्तर आफ्रिकेतल्या अल अलामीनच्या विजयाला तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि युद्ध जिंकता येईल अशी आशा लोकांना प्रथमच वाटू लागली होती. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढण्याची भाषा त्या अहवालात होती, आणि सर्वांसाठी आरोग्य सेवा हे त्याने गृहीतच धरले होते. आकडेवारीने भरलेला हा सरकारी दस्तऐवज विकत घेण्यासाठी लोक रांगेत उभे राहिले. संक्षिप्त आवृत्ती धरून त्याच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९३७ पासून ब्रिटनमध्ये गॅलप पद्धतीने जनमत चाचण्या होत होत्या. दोन आठवड्यांच्या आत झालेल्या चाचणीत ९५ टक्के लोकांनी अहवालाविषयी ऐकले असल्याचे सांगितले, आणि तो अमलात आणावा असे ८६ टक्क्यांना वाटत होते.

हा ८६ टक्क्यांचा आकडा वाचताना थोडे थांबावे लागते. चाचणीत जो प्रश्न विचारला जातो त्याचेच उत्तर मिळते. अहवालात वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन होते, मुलांसाठी भत्ता होता, बेकारीची मदत होती, अंत्यविधीचा खर्च होता. त्याला पाठिंबा देणाऱ्या माणसाने आरोग्य सेवेचा आराखडा मनात धरून होकार दिला, असे म्हणता येत नाही. गॅलपच्या जोडीला मास ऑब्झर्व्हेशन नावाची संस्था होती. ती स्वयंसेवकांच्या दैनंदिन्या गोळा करी आणि दुकानांत, पबमध्ये, रस्त्यावर लोक काय बोलतात ते टिपून ठेवी. माहिती मंत्रालयही दर आठवड्याला लोकांच्या मनःस्थितीचे गुप्त अहवाल तयार करी. या दोन प्रकारच्या नोंदींत एक सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो: हे सगळे चांगले आहे, पण सरकार देईल का? पहिल्या महायुद्धानंतर ‘वीरांना साजेशी घरे’ देण्याचे वचन मोडले गेले होते, आणि ते लोक विसरले नव्हते. चाचणीतल्या ‘हो’मागे हा अविश्वासही होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये अहवालावर पार्लमेंटमध्ये चर्चा झाली तेव्हा चर्चिलच्या सरकारने चालढकल केली, शंभराहून अधिक खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिले, आणि लोकांचा संशय बळावला.

जुलै १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. आरोग्य सेवेसाठीचा हा कौल होता, असे नंतर अनेकांनी लिहिले. पण त्या वेळच्या चाचण्यांत लोकांच्या चिंतांमध्ये सर्वांत वर होता तो घरांचा प्रश्न. बॉम्बने घरे पाडली होती आणि सैनिक परतत होते. आरोग्य सेवा लोकांना हवी होती, पण मतदार केवळ तिच्यासाठी मतदान केंद्रावर गेला नव्हता. सर्वांसाठी सेवेचा एक आराखडा तर चर्चिलच्याच संयुक्त सरकारचे आरोग्यमंत्री हेन्री विलिंक यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला होता, म्हणजे तत्त्वाबाबत पक्षांमध्ये फार अंतर नव्हते. वाद होता तो ही सेवा चालवायची कोणी, याचा.

मजूर पक्षाचे नवे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी आरोग्य खाते दिले ते अन्यूरिन बेव्हन यांना. हे वेल्सच्या कोळसा पट्ट्यातल्या ट्रेडेगरचे, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेले. त्यांच्या गावात कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून डॉक्टर, दवाखाना आणि रुग्णालय चालवीत, आणि तिच्यात कुटुंबाचाही समावेश असे. हे प्रारूप बेव्हन यांच्या डोळ्यांसमोर होते. रुग्णालये मात्र त्यांनी थेट राष्ट्राच्या मालकीची करायचे ठरवले. त्याला खुद्द मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी विरोध केला, कारण रुग्णालये नगरपालिकांकडेच असावीत असे त्यांचे मत होते. बेव्हन यांचा मुद्दा मान्य झाला, ६ नोव्हेंबर १९४६ रोजी कायद्यावर राजाची मोहोर उमटली, आणि इंग्लंड व वेल्समधली स्वयंसेवी आणि पालिकांची मिळून २,६८८ रुग्णालये एका छत्राखाली आली. हुजूर पक्षाने विधेयकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या वेळी विरोधात मत दिले.

यानंतर दीड वर्ष जे घडले ते जनमताच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने डॉक्टरांचा कौल घेतला. फेब्रुवारी १९४८ मध्ये जाहीर झालेल्या निकालात ४०,८१४ मते कायद्याच्या विरोधात आणि ४,७३४ बाजूने होती. आपण सरकारचे पगारी नोकर होऊ, दवाखाना विकण्याचा आपला हक्क जाईल, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात मंत्रालय घुसेल, ही त्यांची भीती होती. असोसिएशनचे सचिव चार्ल्स हिल हे युद्धकाळात बीबीसीवरून ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून आरोग्याचा सल्ला देणारे, घराघरांत ओळखीचा झालेला आवाज असलेले गृहस्थ होते. म्हणजे लोकांचा ज्यांच्यावर विश्वास होता, तेच लोकांना हव्या असलेल्या सेवेविरुद्ध उभे होते. अशा पेचात सामान्य माणसाने काय केले? त्याने डॉक्टरवरचा विश्वास सोडला नाही आणि सेवेची अपेक्षाही सोडली नाही. आपला डॉक्टर शेवटी येईल, अशी त्याची धारणा होती.

ती खरी ठरली. बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना रुग्णालयात मानधनासह खाजगी रुग्ण तपासण्याची मुभा दिली, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांना मध्यस्थीला घेतले, आणि फॅमिली डॉक्टरांना पूर्णवेळ पगारी केले जाणार नाही अशी हमी कायद्यातच घालण्याचे कबूल केले. मे महिन्यातल्या दुसऱ्या कौलात विरोध ओसरला. बहुमत अजून विरोधातच होते, पण बहिष्कार टाकता येईल इतके नव्हते. इकडे लोक डॉक्टरांकडे नोंदणीचे फॉर्म नेऊन देत होते. ५ जुलैपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश जनतेने नाव नोंदवले होते. ज्या डॉक्टरने सेवेत जायचे नाही असे ठरवले असते, त्याला आपले बहुतेक रुग्ण शेजारच्या डॉक्टरकडे जाताना पाहावे लागले असते. जनमताचा दाब तो हाच होता. मोर्चे निघाले नाहीत, लोकांनी शांतपणे फॉर्म भरले.

सेवा सुरू झाली तो काळही लक्षात घेतला पाहिजे. ब्रिटन युद्ध जिंकून कंगाल झाला होता आणि अमेरिकेच्या कर्जावर उभा होता. युद्धात कधी न झालेले पावाचे रेशनिंग जुलै १९४६ मध्ये आले आणि ५ जुलै १९४८ रोजीही ते चालू होते. नवी रुग्णालये बांधायला ना सिमेंट होते ना पोलाद. सकाळी उठून लोक गेले ते त्याच जुन्या इमारतींत, त्याच परिचारिकांकडे, त्याच डॉक्टरकडे. वेगळे एवढेच होते की बाहेर पडताना कोणी पैसे मागितले नाहीत.

हे ‘एवढेच’ किती मोठे होते, ते पहिल्या काही महिन्यांतल्या गर्दीवरून दिसते. दंतवैद्यांकडे रांगा लागल्या. पहिल्या वर्षात ८० लाखांहून अधिक लोकांनी दात दाखवले, आणि बऱ्याच जणांचे दात वाचवण्याच्या पलीकडे गेल्याने त्यांना कवळ्या बसवाव्या लागल्या. पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. तोवर लोक वूलवर्थसारख्या दुकानांतल्या टोपलीतून एकेक चष्मा डोळ्यांना लावून बघत आणि ज्यातून बरे दिसेल तो घेत. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे त्या काळच्या डॉक्टरांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या मध्यमवयीन बायका. अंग बाहेर येण्याचा त्रास दहा-दहा, वीस-वीस वर्षे सोसलेल्या, हर्नियावर पट्टा बांधून घरकाम ओढणाऱ्या, गळ्याशी गाठ असूनही कधी कोणाला न दाखवलेल्या या स्त्रिया पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढल्या. त्या कोणत्याही जनमत चाचणीत मोठ्याने बोलल्या नसतील, पण आरोग्य सेवेविषयीचे ब्रिटनचे मत त्यांच्या घरांत घडले. आईचे दुखणे बरे होताना पाहिलेल्या मुलांनी ते पुढे नेले.

मात्र सगळे आलबेल होते असेही नव्हते. खर्च पहिल्याच वर्षी अंदाजाच्या पुढे गेला. औषधांचा धबधबा लोकांच्या घशाखाली उतरतो आहे या विचाराने आपल्याला धडकी भरते, असे खुद्द बेव्हन बोलून गेले. वृत्तपत्रांत मोफत मिळणाऱ्या केसांच्या टोपांच्या, आणि कवळीसाठी बोटीने येणाऱ्या परदेशी लोकांच्या बातम्या येऊ लागल्या. लोकांचे मत इथे दुभंगलेले दिसते. स्वतःला मिळालेला चष्मा ही रास्त गरज आणि शेजाऱ्याने घेतलेला दुसरा चष्मा ही उधळपट्टी, असे एकाच माणसाला वाटू शकते, आणि तसे पुष्कळांना वाटत होते. अशा तक्रारींना मी सेवेचा विरोध मानत नाही. जी वस्तू आपली वाटते, तिचा गैरवापर माणसाला डाचतो.

यातच कोरियात युद्ध पेटले. शस्त्रसज्जतेसाठी पैसा हवा म्हणून अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी एप्रिल १९५१ च्या अर्थसंकल्पात कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावले. मोफत सेवेचे तत्त्व मोडले म्हणून बेव्हन यांनी राजीनामा दिला, आणि त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. एका महायुद्धाने जिला वाट करून दिली त्या सेवेवर दुसऱ्या युद्धाच्या खर्चापायी पहिला घाव बसला, हे मला फार क्लेशकारक वाटते. त्याच वर्षी हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग आकारू लागला. लोक कुरकुरले, पण शिलिंग भरत राहिले. डॉक्टरची भेट आणि रुग्णालय मोफत राहणार आहे, एवढ्यावर त्यांनी ते सहन केले.

सेवा सरकारला परवडणारी नाही, ही समजूत मात्र पक्की होत चालली होती. तिची शहानिशा करण्यासाठी हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ मध्ये केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलेबो यांची समिती नेमली. काटछाटीची शिफारस येईल अशी अपेक्षा होती. ब्रायन एबल-स्मिथ आणि रिचर्ड टिटमस या समाजधोरणाच्या अभ्यासकांनी समितीसाठी आकडे तपासले, तेव्हा उलटेच निघाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत सेवेवरचा खर्च १९४९-५० मध्ये पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ पर्यंत सव्वातीन टक्क्यांवर आला होता. खर्चाची रक्कम वाढली होती ती मुख्यतः महागाईमुळे. समितीने १९५६ मध्ये तसे स्पष्ट लिहिले, आणि त्यानंतर सेवाच नको असे म्हणण्याचे धाडस दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कोणी केले नाही. जनमताच्या इतिहासात असे क्वचित घडते की सर्वांच्या तोंडी असलेली समजूत एका अहवालाने खोटी ठरते आणि त्याचा परिणाम टिकतो.

पन्नासच्या दशकातला ब्रिटिश रुग्ण कृतज्ञ होता आणि म्हणूनच गप्प होता. रुग्णालयांत शिस्त जुनीच होती. लहान मुलाला दाखल केले की आईबापांना कित्येक ठिकाणी आठवड्यातून एकदोनदाच, तेही ठरावीक तासाला भेटता येई, कारण भेट संपल्यावर मूल रडते आणि वॉर्डची शांतता बिघडते. आईबाप हे मुकाट्याने सोसत. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावर बंधने नसावीत आणि आईला बरोबर राहता यावे अशी शिफारस केली, तरी ती अमलात यायला पालकांच्या संघटना उभ्या राहाव्या लागल्या. १९६३ मध्ये रुग्णांची स्वतंत्र संघटनाही निघाली. म्हणजे सेवा सुरू होऊन पंधरा वर्षे झाल्यावर लोक संघटितपणे तक्रार करू लागले. मला हे सेवेवरच्या विश्वासाचे लक्षण वाटते, कारण काढून घेतली जाण्याची भीती असेपर्यंत माणूस तिच्याविषयी बोलायला धजत नाही.

आपल्याशी असलेला संबंधही इथे सांगितला पाहिजे. बेव्हरिज अहवालाची चर्चा जगभर चालू असतानाच १९४३ मध्ये भारतात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली गेली. भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. ऑक्सफर्डचे सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक जॉन राइल समितीच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचाराला वंचित राहू नये, हे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाचे पहिले तत्त्व होते, आणि गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिथूनच आली. कागदावर दोन्ही देशांची सुरुवात जवळजवळ बरोबरीने झाली. पण ब्रिटनमध्ये रुग्णालये, डॉक्टर आणि परिचारिका आधीपासून होत्या, त्या एका व्यवस्थेत आणायच्या होत्या. आपल्याकडे त्या निर्माण करण्यापासून सुरुवात होती, आणि त्यासाठी लागणारा पैसा पुढच्या सरकारांनी कधीच पुरेसा दिला नाही. शिवाय आपल्या तुटपुंज्या डॉक्टरांपैकी बरेच तिकडे गेले. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी तेव्हा ब्रिटनमध्ये मान्य होती, आणि मराठी घरांतले कितीतरी तरुण डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी बोटीने गेले ते तिथेच राहिले. भारत आणि पाकिस्तानातून आलेले तरुण डॉक्टर नसते तर आरोग्य सेवा कोसळली असती, असे वैद्यकतज्ज्ञ लॉर्ड कोहेन यांनी १९६१ मध्ये लॉर्ड्‌सच्या सभागृहात सांगितले. स्थानिक डॉक्टरांना नको असलेल्या शाखा, म्हणजे वृद्धांचे आजार आणि मनोविकार, आणि बेव्हन यांच्या वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्त्या, या डॉक्टरांच्या वाट्याला आल्या. तिथल्या लोकांच्या मनात आरोग्य सेवेचा जो चेहरा आहे, तो अनेकदा भारतीय आहे.

१९८३ पासून ब्रिटनमध्ये दरवर्षी लोकांना आरोग्य सेवेविषयी पद्धतशीर विचारले जाते, त्यामुळे तेव्हापासूनचे चढउतार नीट मोजता येतात. पहिल्या वर्षी ५५ टक्के लोक समाधानी होते. १९९७ मध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांपर्यंत घसरले, सरकारने दशकभर पैसा ओतल्यावर २०१० मध्ये ७० टक्क्यांवर गेले, आणि पुन्हा निधीची वाढ मंदावल्यावर, करोनाची साथ येऊन गेल्यावर आणि प्रतीक्षा यादी फुगल्यावर २०२४ मध्ये २१ टक्क्यांवर आले. तोपर्यंतचा हा नीचांक होता. त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न असतो: उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, हे तत्त्व आजही लागू असावे का? सुमारे ९० टक्क्यांचे उत्तर होकारार्थी असते.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की अनेकांना विसंगती वाटते, आणि लोकांना मोफत सेवा नकोशी झाली आहे असा निष्कर्ष पहिल्या आकड्यावरून काढणारेही असतात. पण पहिला प्रश्न आज सेवा कशी मिळते याचा आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरची भेट किती दिवसांनी मिळाली, आईची शस्त्रक्रिया किती लांबली, अपघात विभागात किती तास बसावे लागले, यावर त्याचे उत्तर ठरते आणि ते वर्षावर्षाला हलते. दुसरा प्रश्न डॉक्टरकडे जाण्याआधी पाकीट तपासावे लागावे का, याचा आहे. त्या प्रश्नावर कष्टकरी घरांतल्या बायकांनी १९४८ च्या उन्हाळ्यात दवाखान्याची पायरी चढून जे उत्तर दिले होते, त्यात त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी अजून बदल केलेला नाही.